शेगावचे सेलेनियम आणि मेंदूचा गंज

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विचित्र साथ पसरली. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत आधी डोक्याला खाज सुटायची, मग केसांना नुसता हात लावला तरी ते मुळासकट हातात यायचे. तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुले, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. जानेवारीपर्यंत 18 गावांतील 279 जणांची नोंद झाली. बाहेरगावचे लोक या गावांना ‘टक्कल पडणारी गावे’ म्हणू लागले. ठरलेली लग्ने लांबली, मुलामुलींनी शाळा-कॉलेजात जाणे टाळले.

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला. हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त असते, हे सर्वांना ठाऊक आहे. शाम्पूवर संशय घेतला गेला, डोक्यातील बुरशीवरही घेतला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावांत आली, त्यांनी रक्त, केस, पाणी, माती यांचे नमुने नेले. त्याच सुमारास विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांत स्वतःहून तपास केला. ते मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातील. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहे, जस्त मात्र कमी आहे, आणि सेलेनियमचा मार्ग रेशनच्या गव्हातून जातो.

त्यांनी ठाण्यातील प्रयोगशाळेत तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. धुतल्यावरही ते 13.61 वरच राहिले, म्हणजे ते दाण्यावरच्या धुळीत नव्हते, दाण्याच्या आत होते. हा गहू पंजाबातून आलेला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर आणि नवांशहर भागात सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत. तिथल्या गुराढोरांचे केस झडतात, खूर वेडेवाकडे वाढून फुटतात, हे पशुवैद्यकांना काही दशकांपासून माहीत आहे. मग तोच गहू जिथे जिथे वाटला गेला तिथे तिथे हे का घडले नाही, हा प्रश्नही साहजिक आहे, आणि गव्हाच्या मुद्द्यावर मतभेद झाले. गव्हाच्या पोळ्या थांबवल्यावर काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा उगवू लागल्याचे डॉ. बावस्करांनी नोंदवले.

केस आले, बातमी मागे पडली. पण या प्रकरणात एक धागा असा आहे की तो थेट मेंदूपर्यंत जातो. केस गळण्याबरोबरच काही रुग्णांनी डोकेदुखी, उलट्या-जुलाब आणि अंगाला मुंग्या येण्याची तक्रार केली होती. मुंग्या येणे हे मज्जातंतूंचे लक्षण आहे. आणि सेलेनियम हे मूलद्रव्य पेशींच्या ज्या यंत्रणेत काम करते, तीच यंत्रणा कंपवात, अल्झायमर, मोटर न्यूरॉन आजार यांसारख्या मेंदू झिजवणाऱ्या रोगांच्या संशोधनात गेली चाळीस वर्षे केंद्रस्थानी आहे. तिचे नाव ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मराठीत त्याला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. सोप्या भाषेत, पेशीला आतून लागणारा गंज.

प्राणवायूचा दुसरा चेहरा

लोखंड उघड्यावर राहिले की गंजते, कापलेले सफरचंद काळे पडते, जुन्या तेलाला खवट वास येतो. तिन्ही ठिकाणी प्राणवायू काम करत असतो. शरीरातही तेच घडते. आपण खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढण्याचे काम पेशीतील तंतुकणिका करतात. त्यात इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, हातोहात विटा द्याव्यात तसे पुढे सरकतात आणि शेवटी प्राणवायूला मिळून पाणी तयार होते. या ओळीतून एखादा इलेक्ट्रॉन मध्येच निसटतो आणि भलत्याच ठिकाणी प्राणवायूला चिकटतो. मग तयार होतो सुपरऑक्साइड. यालाच मुक्तमूलक किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. तो अपुरा आणि म्हणूनच आक्रमक असतो. शेजारच्या मेदाचा, प्रथिनाचा किंवा डीएनएचा इलेक्ट्रॉन तो ओढून घेतो. ज्याचा गेला, तो पुढच्याचा ओढतो. अशी साखळी सुरू होते.

म्हातारपण हे या मुक्तमूलकांनी केलेल्या साचत गेलेल्या नुकसानीचे फळ आहे, अशी कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडली. तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1969 मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी शरीरात सुपरऑक्साइड निकामी करणारे एक खास एन्झाइम असल्याचे दाखवले, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. शरीराने पहारेकरी नेमला आहे म्हणजे चोर नक्कीच आहे, असा त्याचा अर्थ होता. 1985 मध्ये जर्मनीचे हेल्मुट सीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संकल्पना मांडली: गंज लावणाऱ्या घटकांचे आणि गंज रोखणाऱ्या यंत्रणेचे पारडे जेव्हा पहिल्या बाजूला झुकते, ती स्थिती.

ही रोखणारी यंत्रणा पायरीपायरीने काम करते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. जखम धुवायला दवाखान्यात जे फसफसणारे औषध वापरतात, तेच हे रसायन. ते पेशीत साचू देऊन चालत नाही, कारण लोहाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॉक्सिल हा सर्वांत घातक मुक्तमूलक जन्मतो. म्हणून दुसऱ्या पायरीवर कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम त्याचे साधे पाणी करून टाकतात.

इथेच सेलेनियम येते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या कामाच्या नेमक्या जागी सेलेनियमचा एक अणू बसलेला असतो, हे 1973 मध्ये सिद्ध झाले. तो नसेल तर एन्झाइम म्हणजे पाते नसलेला विळा. माणसाच्या शरीरात सेलेनियम असलेली प्रथिने तयार करणारी एकूण 25 जनुके आहेत. एवढ्यासाठी आपल्याला रोज फक्त 40 ते 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम लागते. मिठाच्या एका बारीक कणाएवढे.

मेंदूच का?

गंज सगळ्याच अवयवांना लागतो, पण मेंदूची परिस्थिती वेगळी आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. जिथे प्राणवायूचा खप जास्त, तिथे निसटणारे इलेक्ट्रॉनही जास्त. त्यात मेंदूतील पेशींची आवरणे ज्या मेदांची बनलेली असतात, ते मेद चटकन खवट होणाऱ्या जातीचे असतात. मेंदूच्या काही भागांत लोह भरपूर असते. कॅटलेजचे प्रमाण यकृताच्या तुलनेत फारच कमी असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, त्वचेची किंवा आतड्याची पेशी मेली तर तिच्या जागी नवी येते, पण चेतापेशी जवळजवळ आयुष्यभर तीच असते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मेंदूतील बहुतेक चेतापेशींचे वयही सत्तरच असते.

मेंदूतही काही पेशी इतरांपेक्षा जास्त धोक्यात असतात. मेंदूच्या तळाशी ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा एक लहानसा काळसर पट्टा आहे. तिथल्या पेशी डोपामाइन हे रसायन बनवतात, त्यामुळे आपल्या हालचाली सुरळीत चालतात. डोपामाइनचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि नेमके याच पट्ट्यात लोहही साठलेले असते. दारूगोळ्याच्या कोठारात चूल पेटवावी तसा हा प्रकार. कंपवातात हातापायांची थरथर आणि हालचालींतील जडपणा दिसू लागेपर्यंत या पट्ट्यातील बऱ्याच पेशी आधीच मेलेल्या असतात. अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत या भागात गंज लागल्याच्या खुणा, म्हणजे बिघडलेले मेद, खराब झालेला डीएनए आणि वाढलेले लोह, पुन्हा पुन्हा आढळल्या आहेत.

मेंदू सेलेनियम किती जपतो, यावरून त्याचे महत्त्व कळते. आहारात ते कमी पडले तर यकृत आणि स्नायूंमधला साठा लवकर घटतो, मेंदूतला मात्र शेवटपर्यंत टिकतो. सेलेनियम मेंदूपर्यंत पोहोचवणारे प्रथिन ज्या उंदरांत तयारच होत नाही, त्यांना तोल सांभाळता येत नाही आणि झटके येतात.

कमी पडले तरी रोग, जास्त झाले तरी रोग

चीनमध्ये या मूलद्रव्याची दोन्ही टोके पाहायला मिळाली. ईशान्येकडील केशान भागात मातीतच सेलेनियम कमी. तिथे 1935 पासून नोंदल्या गेलेल्या हृदयाच्या आजाराने मुले आणि तरुण स्त्रिया दगावत. त्याला केशान आजार असेच नाव पडले, आणि सेलेनियमच्या गोळ्यांनी तो आटोक्यात आला. याउलट हुबेई प्रांतातील एन्शी भागात सेलेनियम भरपूर. तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला गावेच्या गावे टक्कल पडलेली आणि नखे गळालेली झाली. शेगावसारखीच. एन्शीतील तीव्र विषबाधा झालेल्या रुग्णांमध्ये हातपाय बधिर होणे, मुंग्या येणे आणि काहींना लुळेपणा येणे अशी मज्जासंस्थेची लक्षणेही नोंदली गेली.

गंज रोखणारे मूलद्रव्यच उलटते कसे? याचे उत्तर त्याच्या रसायनशास्त्रात आहे. सेलेनियम हा गंधकाचा जवळचा भाऊ. केस आणि नखे ज्या केराटिनची बनतात, त्याला मजबुती मिळते ती गंधकाच्या जोडांमुळे. सेलेनियम जास्त झाले की ते गंधकाच्या जागी घुसते आणि जोड कच्चे राहतात, असे मानले जाते. म्हणून केस तुटतात. पेशीच्या आत, जास्तीचे सेलेनियम ग्लुटाथायोनशी अभिक्रिया करते. ग्लुटाथायोन ही पेशीची गंजरोधक शिबंदी. ती यात खर्ची पडते आणि वर सुपरऑक्साइड तयार होते. थोडक्यात, ज्याला राखणीला ठेवले, तोच संख्येने वाढल्यावर घर लुटू लागतो.

आकडे पाहिले म्हणजे अंदाज येईल. गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम असेल तर दिवसाला 200 ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून सुमारे 2,900 मायक्रोग्रॅम पोटात जाते. म्हणजे रोजच्या गरजेच्या पन्नास पटींहून जास्त. अमेरिकेने प्रौढांसाठी ठरवलेली वरची मर्यादा 400 मायक्रोग्रॅम आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये ती 255 वर आणली.

सेलेनियम आणि मेंदू झिजवणारे रोग यांचा माणसांमधला थेट संबंध तपासण्याची संधी इटलीत मिळाली. रेज्जो एमिलिया शहराच्या एका भागाला 1988 पर्यंत ज्या विहिरींचे पाणी मिळत होते, त्यात लिटरमागे 8 मायक्रोग्रॅमच्या आसपास सेलेनियम होते. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी मर्यादा 10 आहे, म्हणजे त्याहूनही ते कमीच. मार्को विन्चेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रहिवाशांचा काही दशके मागोवा घेतला. त्यांच्यात मोटर न्यूरॉन आजार आणि कंपवाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसले.

मात्र हा निष्कर्ष शेगावला जसाच्या तसा लावता येत नाही. इटलीतील रुग्णसंख्या लहान होती. तिथले सेलेनियम पाण्यातले, असेंद्रिय स्वरूपाचे होते आणि ते वर्षानुवर्षे पोटात गेले. धान्यातील सेलेनियम बहुतांशी सेंद्रिय असते, ते शरीरातील प्रथिनांत मुरते आणि हळूहळू बाहेर पडते. शेगावच्या गावांतील लोकांचा संपर्क काही आठवड्यांचा होता की काही महिन्यांचा, यावर बरेच अवलंबून आहे. केस गेलेल्या माणसाला उद्या कंपवात होईल असे म्हणायला कोणताही आधार नाही. पण या 279 जणांची नावे नोंदलेली आहेत, त्यांच्यातील काहींच्या शरीरातील सेलेनियम मोजले गेले आहे, आणि अशी माहिती जगात फार थोड्या ठिकाणी असते. त्यांची दर काही वर्षांनी मज्जासंस्थेची साधी तपासणी झाली, तर गावकऱ्यांनाही दिलासा मिळेल आणि विज्ञानालाही उत्तर मिळेल.

कापसाच्या रानातले तणनाशक

बुलडाण्यासाठी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा दुसरा प्रश्न सेलेनियमपेक्षा जुना आहे आणि शेताच्या बांधावरच उभा आहे.

1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे पुतळ्यासारखी ताठर अवस्थेत दवाखान्यात आली. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की चोरून बनवलेल्या मादक द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती. या रसायनाचे मेंदूत रूपांतर होऊन जे द्रव्य बनते, ते डोपामाइन बनवणाऱ्या पेशींतच शिरते आणि त्यांच्या तंतुकणिकांचे काम बंद पाडते. मुक्तमूलकांचा लोंढा उसळतो, पेशी मरतात. म्हाताऱ्यांचा आजार समजला जाणारा कंपवात एका बाहेरच्या रसायनाने काही दिवसांत तरुणांना झाला होता.

या द्रव्याची रचना पाहताच रसायनशास्त्रज्ञांना एक ओळखीचा चेहरा आठवला, पॅराक्वाट. हे तणनाशक जगभर आणि विदर्भातल्या कापसाच्या रानातही वापरले जाते. ते तण मारते तेच मुळी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने. पानातील हरितद्रव्याच्या यंत्रणेतून ते इलेक्ट्रॉन घेते आणि प्राणवायूला देते, सुपरऑक्साइड तयार होते, पुन्हा रिकामे होऊन पुन्हा इलेक्ट्रॉन घेते. एकच रेणू हजारो वेळा हे करतो. म्हणूनच फवारल्यावर उन्हात काही तासांत गवत करपते. माणसाच्या पोटात गेले तर फुप्फुसात हेच घडते, आणि त्यावर उतारा नाही.

2011 मध्ये अमेरिकेतील शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या एका मोठ्या अभ्यासातून कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण न वापरलेल्यांच्या अडीच पट होते. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, आणि उत्पादक कंपन्या हा संबंध नाकारतात. तरीही युरोपीय संघात 2007 पासून पॅराक्वाट बंद आहे.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा झाली ती तत्काळ होणाऱ्या विषबाधेची. वीस वर्षे थोडे थोडे अंगावर घेतलेल्या फवाऱ्याचे काय होते, याची मोजदाद करणे फार अवघड असते. खेड्यातल्या म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला, पाय घासत चालू लागला, चेहरा निर्विकार झाला, तर घरचे ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देतात. त्याने कोणते औषध किती वर्षे फवारले, हे कोणी विचारत नाही.

मग गोळी घेतली तर?

गंज हा शत्रू असेल तर गंजरोधक गोळी घ्यावी, हा विचार साहजिक आहे. बाजारही त्यावरच चालतो. औषधाच्या दुकानात अँटिऑक्सिडंटच्या रंगीत कॅप्सूल मिळतात आणि त्यांतल्या अनेकांत सेलेनियम असते. शास्त्रज्ञांनीही हाच विचार केला होता. त्याच्या चाचण्या काय सांगतात?

अमेरिका आणि कॅनडात कंपवाताच्या सुरुवातीच्या टप्प्यातील 800 रुग्णांवर ‘डेटाटॉप’ नावाची चाचणी झाली. त्यात रोज 2,000 युनिट ई जीवनसत्त्व देण्यात आले. 1993 मध्ये निकाल आला: आजाराचा वेग कमी झाला नाही. कोएन्झाइम क्यू-10 या लोकप्रिय पूरकाची 600 रुग्णांवरील चाचणी फायदा दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावी लागली. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी स्मृतिभ्रंश टळतो का, हे 7,540 वयस्कर पुरुषांवर तपासले गेले. 2017 मधील उत्तर होते, टळत नाही. ही चाचणी ज्या मोठ्या प्रयोगाचा भाग होती, त्यात ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण 17 टक्क्यांनी वाढल्याचे 2011 मध्येच दिसले होते.

सर्वांत मोठा धक्का 2022 मध्ये बसला. कंपवातात मेंदूत लोह साठते आणि लोहच गंज वाढवते, तर लोह काढून टाकणारे औषध द्यावे, अशी अगदी तर्कशुद्ध कल्पना होती. डेफेरिप्रोन हे औषध 372 रुग्णांना चाचणीत सहभागी करून तपासले. लोह खरोखरच कमी झाले, आणि औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. डोपामाइन बनवायलाही लोहच लागते.

सगळेच निकाल निराशाजनक नाहीत. अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम टप्प्यातील रुग्णांमध्ये ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोजची कामे करण्याची क्षमता थोडी सावकाश घटली, असे 2014 मधील एका अभ्यासात दिसले. पण स्मरणशक्ती सुधारली नाही. मोटर न्यूरॉन आजारात मुक्तमूलक टिपणाऱ्या एडाराव्होन या औषधाला जपानने 2015 मध्ये आणि अमेरिकेने 2017 मध्ये परवानगी दिली. त्याचा उपयोग मर्यादित आणि ठरावीक रुग्णांनाच होतो.

इतक्या सरळ तर्काला इतके अपयश का यावे? याची उत्तरे हळूहळू उलगडत आहेत. पहिले, गंज हा नेहमीच मूळ रोग असतो असे नाही. चुकीची घडी पडलेली प्रथिने साचणे, तंतुकणिका बिघडणे, दाह होणे आणि गंज लागणे ही एकमेकांना ढकलणारी चाके आहेत. एकच चाक रोखले तरी बाकीची फिरत राहतात. दुसरे, लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुतेक नुकसान होऊन गेलेले असते. तिसरे, तोंडावाटे घेतलेली अनेक द्रव्ये मेंदूत पुरेशी पोहोचतच नाहीत. आणि चौथे, मुक्तमूलक हे निव्वळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात, पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. व्यायामानंतर थोडे मुक्तमूलक तयार होतात आणि त्यामुळेच शरीर आपली स्वतःची गंजरोधक यंत्रणा बळकट करते. सगळा आवाज बंद केला तर सूचनाही ऐकू येत नाहीत.

सुपरऑक्साइड डिसम्युटेजनेच याचा चांगला धडा दिला. या एन्झाइमच्या जनुकातील बिघाडाने मोटर न्यूरॉन आजार होतो, हे 1993 मध्ये कळले, तेव्हा सर्वांना वाटले की पहारेकरी अशक्त झाला म्हणून गंज चढला. पुढे कळले की बिघडलेले एन्झाइम अनेकदा आपले काम बऱ्यापैकी करते. त्याची घडी चुकते, गठ्ठे बनतात आणि ते गठ्ठेच पेशीला मारतात. म्हणून अँटिऑक्सिडंट देण्याऐवजी ते बिघडलेले प्रथिन बनणेच कमी करणारे टोफरसेन हे औषध तयार झाले. अमेरिकेने 2023 मध्ये त्याला परवानगी दिली. अशा जनुकीय बिघाडाच्या थोड्या रुग्णांपुरतेच ते आहे, पण नेमके निदान आणि नेमका घाव ही दिशा त्याने दाखवली.

हाती काय उरते

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना स्मृतिभ्रंश आहे. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने 2024 मध्ये सांगितले, की उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणे, प्रदूषित हवा, एकटेपणा अशी 14 कारणे आवरली तर जगातील जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. या यादीतील बरीच कारणे पेशीतील गंजही वाढवतात. तंबाखूचा धूर आणि हाताबाहेर गेलेली साखर ही त्यांतली ठळक. ती आवरायला कॅप्सूल लागत नाही.

सेलेनियमबाबत नियम साधा आहे. मिश्र आहार घेणाऱ्या निरोगी माणसाला ते वेगळे घ्यायची गरज पडत नाही, आणि तपासणी न करता त्याच्या गोळ्या घेऊ नयेत. 2008 मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात चुकून लेबलवर लिहिलेल्यापेक्षा 200 पट सेलेनियम पडले आणि 201 जण आजारी पडले. त्यांचेही केस आणि नखे गेली. एकाच ठिकाणच्या एकाच धान्यावर घर अवलंबून नसणे, हे जुने शहाणपण इथे उपयोगी ठरते. ज्वारी, बाजरी, डाळी आणि गहू आलटून-पालटून खाणाऱ्या घरात एखाद्या धान्यातील दोष विरून जातो. रेशनवर गहू आल्यापासून खारपाणपट्ट्यातील ताटातली ज्वारीची भाकरी मागे सरली आहे.

हातापायांना मुंग्या, बधिरपणा किंवा विसरभोळेपणा असेल तर घाबरण्याआधी बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण ही कारणे सर्रास आढळतात आणि त्यांवर उपचार करता येतात. एका हाताची विश्रांतीत होणारी थरथर, अक्षर बारीक होत जाणे, वास न येणे, चालताना एक हात न हलणे ही कंपवाताची सुरुवातीची चिन्हे असू शकतात. त्यांवर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केले तर माणूस बरीच वर्षे स्वतःच्या पायावर चालतो. फवारणी करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क आणि वाऱ्याच्या दिशेने पाठ, एवढे तरी पाळावे. गळका पंप पाठीवर घेऊ नये, भिजलेले कपडे लगेच बदलावेत.

बाकीचे काम घरातून होणारे नाही. रेशनच्या धान्यात ओलावा, कचरा, किडके दाणे मोजले जातात, पण सेलेनियम मोजण्याची सवय यंत्रणेला नाही. सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे नकाशावर ठाऊक आहेत. तिथला गहू गोदामात शिरण्याआधी नमुना तपासणे आणि तो एकाच तालुक्यात न जाता इतर गव्हात मिसळला जाईल असे पाहणे, हे न परवडणारे काम नाही. शेगावच्या गावांतील लोकांनी आपले केस, रक्त आणि नखे तपासायला दिली. त्या तपासणीचा पूर्ण निकाल त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात जाऊन सांगणे आणि पुढची काही वर्षे त्यांच्या नसा-मेंदूची विचारपूस करत राहणे, एवढे त्यांचे देणे आहे. केस परत आले की नाही हे आरशात दिसते. मेंदूतला गंज दिसायला वीस वर्षे लागू शकतात, आणि तोवर वही बंद झालेली असेल तर तो कोणाच्या नोंदीत येणार नाही.